वडिलांची एकनळी बंदूक: ठेवावी की जमा करावी?

तळकोकण

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

वडील श्रावणात गेले. कुडाळ तालुक्यात आमचं घर, दोन एकर भात आणि थोडे काजू. वडिलांच्या नावावर शेतीसंरक्षणाच्या परवान्याची एकनळी बारा बोअर आहे. माजघराच्या दारावर दोन खुंट्या आहेत, ती कायम तिथेच असायची. दर खंडेनवमीला तिला झेंडूची माळ. मी लहान असताना वडील हात लावू देत नसत. "बंदूक रिकामी आसली तरी भरलेली आसा असाच समजूक व्हया," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

तेरावं झाल्यावर भाऊ म्हणाला, पुसून ठेवूया. मी खाली काढली, मधून उघडली, तर नळीत काडतूस. लाल प्लॅस्टिकचं, पितळी बूड काळपट पडलेलं. वडील शेवटचे सहा महिने अंथरुणाला खिळून होते. म्हणजे निदान सहा महिने भरलेली बंदूक त्या खुंट्यांवर होती, आणि खाली माझा पुतण्या गादी टाकून झोपत होता. नऊ वर्षांचा आहे. स्टुलावर चढला तर त्याचा हात तिथे पोचतो का, हे मी त्याला शाळेत पाठवून स्वतः गुडघ्यावर उभं राहून मापून बघितलं. पोचतो.

आता घरात तीन मतं आहेत. भाऊ गावी शेती करतो, त्याला बंदूक हवी आहे. आई म्हणते ती वस्तू घरातून जाऊ दे. मी ठाण्याला असतो, मला कळत नाहीये. वडिलांइतका काळजी घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्यांच्या हातूनही हे झालं. हेच मला झोपू देत नाही.

जाणकारांनी सांगावं: कायदा काय म्हणतो, आणि तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत?

आर्मोरर

तळकोकण, वडिलांना आदरांजली. मी पोलीस शस्त्रागारातून निवृत्त झालो. सगळ्यात आधी कायद्याचं बोलतो, कारण त्यात वेळ घालवण्यासारखी तुमची परिस्थिती नाही.

परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. परवानाधारक वारला की त्याच्या घरच्यांना ती बंदूक ठेवण्याचा आपोआप हक्क मिळत नाही. शस्त्र कायदा 1959 चं कलम 21 वाचा: ताबा कायदेशीर राहिला नाही की शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना साधी बंदूक बाळगली तर किमान 2 वर्षं आणि जास्तीत जास्त 5 वर्षं कैद आहे. तुमच्यासारख्या दुःखातल्या माणसाला कोणी लगेच बेड्या घालत नाही, पण महिना दोन महिने घरात राहिली आणि मध्येच काही घडलं तर सांगायला तोंड राहत नाही.

म्हणून उद्याच ठाण्यात फोन करा. बंदूक पिशवीत घालून एसटीने नेऊ नका. परवान्याचं पुस्तक, मृत्यूचा दाखला आणि उरलेली काडतुसं मोजून बरोबर ठेवा. पावतीवर बंदुकीचा नंबर नळीवरच्या नंबराशी ताडून घ्या. माझ्या नोकरीत एका आकड्याच्या चुकीने वारसांनी वर्षानुवर्षं खेटे घातलेले मी पाहिलेत.

जमा करणं म्हणजे सोडून देणं नव्हे. 2016 च्या शस्त्र नियमांत वारसाला परवाना मिळण्याची सोय आहे. भावाला हवी असेल तर बाकीच्या वारसांचं ना-हरकत लिहून द्यायचं आणि त्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. वय 21 पूर्ण हवं, पोलीस पडताळणी होते, शरीर आणि मन ठीक असल्याचा डॉक्टरी दाखला लागतो, बंदूक सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं. राष्ट्रीय माहितीकोशात परवान्याला क्रमांक मिळतो. वेळ लागतो, पण काम होतं.

राजापूरचा

आर्मोरर साहेबांचं कायद्याचं सगळं मान्य. पण इथे शहरातली मंडळी येऊन "द्या सोडून" म्हणायच्या आधी शेतकऱ्याची बाजू मांडतो.

माझ्याकडे दुनळी आहे, आजोबांपासूनची. गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास भात पोटरीतून बाहेर पडून पिवळं व्हायला लागलं होतं. एका रात्रीत डुकरांचा कळप आला. सकाळी बघतो तर शेत कोणी नांगरून ठेवल्यासारखं. खातात त्याच्या दुप्पट लोळून घालवतात. ओंबी चिखलात गेली की ती उचलून उपयोग नाही, दोन दिवसांत मोड येतात. त्या शेतात माझ्या आईने चौऱ्याहत्तराव्या वर्षी लावणी केली होती. ती बांधावर बसून राहिली, एक शब्द बोलली नाही.

आणि नेमकी त्याच वेळी बंदूक निवडणुकीमुळे पोलीस ठाण्यात. विधानसभेचं मतदान 2019 ला 21 ऑक्टोबरला झालं, 2024 ला 20 नोव्हेंबरला, आणि त्यावेळी आचारसंहिता 15 ऑक्टोबरलाच लागली होती. दोन्ही वेळा भात उभं असताना आमच्या बंदुका कुलपात. नियमाप्रमाणे जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांच्या समितीने एकेका परवान्याचा विचार करायचा असतो. आमच्याकडे सरसकट नोटीस आली. ज्याच्यावर एक गुन्हा नाही अशा साठीच्या शेतकऱ्याने कोणती निवडणूक उधळली असती?

बंदूक म्हणजे डुक्कर मारायलाच लागते असंही नाही. रात्री माळ्यावरून एक बार हवेत काढला की कळप त्या रात्री फिरकत नाही. तो आवाज फटाक्याने येत नाही, फटाक्याला डुकरं आठवड्यात सरावतात.

रानवाट

राजापूरचा, तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं. मी वन्यजीवांसाठी काम करतो, तरी तुमच्या बाजूने एक गोष्ट ठासून सांगायची आहे. बंदुकीचा परवाना मिळेनासा झाला किंवा बंदूक सतत कुलपात राहिली, तर शेतकरी गप्प बसत नाही. तो फासकी लावतो. नाहीतर कुंपणात चोरून वीज सोडतो, नाहीतर कोणी गावठी बॉम्ब पेरतं. कुत्र्याने, गाईने तोंडात धरला की जबडा फुटतो. क्लच वायरच्या फासकीत कमरेला अडकलेला बिबट्या मी सोडवायला गेलो आहे. डुकरासाठीच लावली होती. वाघर टाकून बेशुद्ध करेपर्यंत त्याने स्वतःच्या पंजाची नखं उपटून काढली होती. बंदूकवाला निदान बघून चाप ओढतो, फासकीला डोळे नसतात.

आता दुसरी बाजू. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. ही गल्लत कोकणात सर्रास होते. रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या संरक्षणात आहे. पिकाचं नुकसान करणारं जनावर मारायचं तर वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि ती परवानगी शेतापुरती असते. रात्री आठ-दहा जणांनी डोक्याला बॅटऱ्या बांधून रानात हाका घालायचा, म्हणजे आरडाओरडा करून जनावर बंदुकीपुढे आणायचं, हे शेतीसंरक्षण नाही. झुडपात हलतंय ते डुक्कर की आपलाच माणूस हे न बघता गोळी सुटते आणि मग गावात दोन घरं बुडतात, मेलेल्याचं आणि मारणाऱ्याचं. अशी बातमी वाचली नाही असं एखादं वर्ष जात असेल का सिंधुदुर्ग-रत्नागिरीत?

राजापूरचा

हाक्याबद्दल तुमचं शंभर टक्के खरं आहे. आमच्या वाडीत आम्ही तो बंद केला. कारण लिहीत नाही, पण तुम्ही ओळखलं असेल.

बाणेदार

इथे सगळे डुक्कर धरून बसलेत. माणसाचं काय? माझं घर गावापासून तीन किलोमीटर आत, बागेत. ठाणं बावीस किलोमीटर. दोन वर्षांपूर्वी रात्री चौघे कोयते घेऊन आले. बायकोच्या गळ्याला पातं लावून अर्धा तास घर धुंडाळलं. पोलीस आले तेव्हा उजाडलं होतं. माझ्याकडे बंदूक असती तर? गुंडांना कट्टा मिळतो, चोपडा तालुक्याच्या हद्दीला लागून मध्य प्रदेशात उमर्टी आहे, तिथून महाराष्ट्रात किती पिस्तुलं येतात हे पोलिसांच्या कारवायांच्या बातम्यांतच असतं. पोलीस पकडतात त्यातली बहुतेक हत्यारं विनापरवाना असतात. मग नियमांचा काच फक्त सरळमार्गी माणसाला का?

आर्मोरर

बाणेदार, तुमच्या घरावर जे गुजरलं त्यावर कोणी शहाणपण शिकवू नये. पण माझा अनुभव प्रामाणिकपणे सांगतो. झोपेतून उठलेला माणूस, अंधार, घरात बायकोमुलं, आणि समोरच्याचं पातं आधीच गळ्याला लागलेलं. तेव्हा कपाटातली बंदूक काढून, भरून, नेमकी चालवणं जमायला जो सराव लागतो तो परवानाधारकांपैकी फार थोड्यांचा असतो. आणि त्या क्षणासाठी बंदूक उशाशी भरून ठेवायची, तर उरलेल्या सगळ्या दिवसांचा धोका घरच्यांनी उचलायचा. ऑक्टोबर 2024 मध्ये अभिनेते गोविंदा यांच्या पायात गोळी शिरली ती त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची, घरात, पहाटे आवरून ठेवताना. चोर नव्हता, भांडण नव्हतं.

कट्ट्यांचं म्हणाल तर तो मोडून काढायलाच हवा, सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी 2023 मध्ये विनापरवाना शस्त्रांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. पण कट्टा वाईट म्हणून परवान्याच्या बंदुकीकडे दुर्लक्ष करा, हे मला पटत नाही. 2024 च्याच फेब्रुवारीत दहिसरला फेसबुक लाइव्ह चालू असताना माजी नगरसेवकाची हत्या झाली. त्यातलं पिस्तूल पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे अंगरक्षकाच्या परवान्यावरचं होतं. कागद एकाचा आणि हात दुसऱ्याचा. तळकोकणांच्या खुंटीवरची बंदूक आणि ते पिस्तूल यांत मला एकच चूक दिसते: ज्याचा परवाना त्याच्याशिवाय दुसऱ्याचा हात तिथवर पोचू शकला.

मिशिगनवासी

मी डेट्रॉइटजवळ ओकलंड काउंटीत राहते. मूळची चिपळूणची. बारा वर्षांत इथे मला जी सवय लावून घ्यावी लागली ती सांगते.

मुलाला नवीन मित्राच्या घरी खेळायला पाठवताना मी तीन प्रश्न विचारते. कुत्रा आहे का, खाण्याच्या ॲलर्जीची काळजी घेता येईल का, आणि घरात बंदूक आहे का, असेल तर कुलपात आहे का. पहिल्यांदा विचारताना जीभ अडखळली होती. आपल्याकडे कोणाच्या घरी जाऊन असं विचारणं म्हणजे अपमानच. पण एका मराठी घरी, हो, आपल्याच मंडळातल्या, उत्तर आलं: "आहे, बेडरूमच्या ड्रॉवरमध्ये, मुलांना माहीत नाही." मुलांना माहीत नाही! आपण लाडवाचा डबा कुठे लपवायचो आणि आपल्या पोरांना तो किती वेळात सापडायचा?

ऑक्सफर्ड हायस्कूल आमच्या काउंटीतलंच. 30 नोव्हेंबर 2021 ला पंधरा वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांना ठार मारलं. पिस्तूल वडिलांनी चारच दिवस आधी विकत आणलं होतं. 2024 मध्ये आई आणि वडील दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवून किमान दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी 13 फेब्रुवारीपासून मिशिगनमध्ये कायदा लागू झाला: घरात अल्पवयीन असेल तर बंदूक रिकामी करून कुलपातच ठेवायची. शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुसरी घटनादुरुस्ती 1791 ची, तिच्यावरून इथे रोज भांडणं. पण या कुलपाच्या मुद्द्यावर माझा शिकारी शेजारी आणि मी, दोघं एका बाजूला असतो. तो हरणाच्या हंगामात रायफल बाहेर काढतो, परत आला की आधी तिजोरी, मग बूट.

तळकोकण, तुम्ही ते मापून पाहिलंत, तिथेच माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

यारावाकाठ

मेलबर्नहून थोडक्यात. 1996 मध्ये पोर्ट आर्थरला 35 माणसं मारली गेल्यावर पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी सगळ्या राज्यांना एकत्र आणून कायदा कडक केला, साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका सरकारने पैसे देऊन परत घेतल्या. इथे परवान्यासाठी खरं कारण दाखवावं लागतं. शेती हे कारण चालतं, स्वसंरक्षण चालत नाही. आणि ठेवायची कपाटं पोलीस येऊन तपासतात, कपाट जमिनीला किंवा भिंतीला बोल्टने बसवलेलं आहे का इथपर्यंत. राजापूरच्या शेतकऱ्याला इथे बंदूक मिळाली असती, माजघराच्या खुंटीला परवानगी मिळाली नसती.

दहापूर्णांकनऊ

कोल्हापूरची नेमबाज. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली तेव्हा आम्ही शाळेत होतो, त्या बातमीने आमच्यातल्या किती जणी रेंजवर गेल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला कांस्य घेतलं तेव्हा तर गावोगावची पोरं चौकशी करायला लागली.

रेंजवर पहिले कित्येक दिवस गोळी हातात देत नाहीत. नळीचं तोंड कायम लक्ष्याकडे. बोट चापावर नाही, बाजूला सरळ. नेमबाजीची आज्ञा संपली की बोल्ट उघडा, नळीत खूणपट्टी घाला, म्हणजे लांबूनही दिसावं की रिकामी आहे. ती पट्टी नसलेली रायफल कोणी उचलली तर कितीही मोठा खेळाडू असो, प्रशिक्षक सगळ्यांसमोर बाहेर काढतात. मला एकदा काढलं होतं, राष्ट्रीय शिबिराच्या आदल्या आठवड्यात. मी रडले, पण नंतर कधी विसरले नाही.

गावातल्या परवानाधारकाला हे कोण शिकवतं? वडील मुलाला शिकवतात, ते जसं शिकले तसं. नियमात प्रशिक्षण आलं ते चांगलंच झालं, पण जुन्या परवान्यांवर चालवणारी पिढी त्याच्या आधीची आहे. दर नूतनीकरणाला, म्हणजे आता पाच वर्षांनी, अर्धा दिवस मैदानात बोलावून हाताळणी बघितली तरी खूप होईल.

गवळण

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं. माझा धाकटा भाऊ एकोणतीस वर्षांचा होता. कर्ज होतं, लग्न मोडलं होतं. वडिलांची परवान्याची बंदूक कपाटात होती आणि किल्ली कपाटावरच. बाकी लिहीत नाही.

लोक म्हणतात, ज्याला जायचंय तो कसाही जातो. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मला नंतर समजावलं की तसं नसतं. ती लाट येते आणि ओसरते, त्या वेळात हाताशी काय आहे यावर पुष्कळ अवलंबून असतं. दुसऱ्या बऱ्याच मार्गांतून माणूस वाचतो, बंदुकीतून फार थोडे.

बंदुकीवर चर्चा निघाली की चोर, डुक्कर, गुंड, निवडणूक सगळं येतं. घरातला उदास माणूस कोणाच्या लक्षात येत नाही. ज्यांच्या घरी आहे त्यांनी किल्ली अंगावर बाळगा. आणि घरात कोणी गप्प गप्प झालं असेल, तर काही दिवस ती विक्रेत्याकडे नाहीतर ठाण्यात ठेवून या. कारण सांगावं लागत नाही. आणि त्या माणसाशी बोला, डॉक्टरकडे घेऊन जा.

मिशिगनवासी

गवळण, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल तुमचे आभार कसे मानू. इथेही बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंमध्ये निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. बातम्यांत येतात ती शाळेतली हत्याकांडं.

बाणेदार

गवळणताई, मी अर्ज केला होता पिस्तुलासाठी. माझी बायको त्या रात्रीनंतर नीट झोपत नाही, दिवसचे दिवस बोलत नाही. मी तिच्या भल्यासाठीच बंदूक आणायला निघालो होतो. तुमचं वाचून अर्ज बाजूला ठेवला आहे. आधी तिला डॉक्टरकडे नेतो. बागेला दिवे आणि दोन कुत्री आणली आहेत. बंदुकीचं मत बदललंय असं नाही, पण आत्ता नको.

कुशालनगर

माझं आजोळ कोडगूत, म्हणजे कर्नाटकातल्या कूर्गमध्ये. तिथे कोडवा समाजाला आणि जम्मा (वंशपरंपरेच्या) जमीनधारकांना ब्रिटिश काळापासून परवान्याची सूट आहे, ती 2019 मध्ये आणखी दहा वर्षं वाढवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने 2021 मध्ये उचलून धरली. कैलपोळ्दच्या सणाला आम्ही बंदुकीची पूजा करतो, तुमच्या खंडेनवमीसारखीच. पूजेच्या दिवशी आजोबा बंदूक सगळ्यांसमोर उघडून, नळीतून उजेड दाखवून मगच फुलं वाहायचे. लहान मुलांनाही नळीतून बघायला लावायचे. तळकोकण, तुमच्या घरची माळ चालू ठेवायची असेल तर हे तेवढं जोडा.

तळकोकण

सगळ्यांचे मनापासून आभार. गवळण, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला.

फोन केल्यावर ठाण्यातले हवालदार स्वतः आले. बंदूक, परवाना आणि अकरा काडतुसं जमा केली. बारावं ते नळीतलं, ते वेगळं नोंदवून दिलं. आर्मोरर साहेब, नंबर ताडून घेतला. पुस्तकातला एक आकडा आणि नळीवरचा एक आकडा खरंच जुळत नव्हता, पुस्तकात 3 चा 8 झाला होता. तिथेच पंचनाम्यात लिहून घेतलं.

भाऊ अर्ज करतोय. मी आणि आईने ना-हरकत द्यायला होकार दिला आहे, पण तिघांनी बसून एक ठरवलं: आधी लोखंडी पेटी, ती माजघरात नाही, भावाच्या खोलीत भिंतीला बोल्टने. काडतुसं वेगळ्या कुलपात. एक किल्ली भावाच्या करगोट्याला, दुसरी आईकडे, आणि दोन्ही असल्याशिवाय पेटी उघडायची नाही. आईने हे स्वतः सुचवलं. म्हणाली, रात्री डुकरांसाठी काढायची तर मला उठव, मी जागीच असते.

खुंट्या मी काढायला गेलो तर पुतण्या विचारत होता की बंदूक कुठे गेली. त्याला सांगितलं, पोलीस ठाण्यात. मग त्याने विचारलं, "आजोबांनी ती भरून का ठेवलेली?" त्याला माहीत होतं. पावसाळ्यात कधीतरी त्याने स्टुलावर चढून बघितलं होतं, "नुसता हात लावला, काका, उघडली नाही."

आर्मोरर

खुंट्या भिंतीतून काढल्यात ना?

तळकोकण

काढल्या. भोकं भावाने त्याच संध्याकाळी सिमेंटने बुजवली.